एका हातातले अधिकार: पोलीस आयुक्त आणि चांदीपसारखी गावे

शहराच्या पोलीस दलाचा प्रमुख म्हणजे पोलीस आयुक्त. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाहून त्याचा दर्जा मोठा असतो हे सर्वांना दिसते. दोघांच्या अधिकारांतला फरक त्याहून खोल आहे आणि तो सहसा ध्यानात येत नाही. जिल्ह्यात पोलीस दल अधीक्षकाच्या हाताखाली असते, पण जमावबंदी लावणे, एखाद्याला तडीपार करणे, चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून घेणे, शस्त्राचा परवाना देणे हे निर्णय महसूल खात्याकडे असतात. कुठे जिल्हाधिकारी, कुठे प्रांत, तर कुठे तहसीलदार ते घेतात. पोलीस प्रस्ताव पाठवतात आणि दुसऱ्या खात्याचा अधिकारी तो वाचून हो किंवा नाही म्हणतो. आयुक्तालयात हे दोन्ही टप्पे पोलिसांकडेच येतात. प्रस्ताव ठाण्यातून निघतो आणि त्याच दलातला वरिष्ठ अधिकारी त्यावर निकाल देतो. पोलीस आयुक्ताच्या अधिकारांचा आणि कर्तव्यांचा विचार इथूनच सुरू करावा लागतो.

ही रचना मूळची लंडनची. १८२९ साली तिथे महानगर पोलीस दल उभे राहिले, तेव्हा चार्ल्स रोवन आणि रिचर्ड मेन या त्याच्या पहिल्या दोन प्रमुखांना दंडाधिकाऱ्याचा दर्जाही देण्यात आला. पुढे हाच नमुना कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाखा शहरांत आला. फ्रँक सूटर १८६४ मध्ये मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त झाले. बाकीच्या मुलखात पोलीस अधीक्षक कलेक्टरच्या देखरेखीखालीच राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या पोलीस कायद्याने, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाने, दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या. त्याचे कलम ७ सरकारला कोणत्याही क्षेत्रासाठी आयुक्त नेमण्याची मुभा देते, तर कलम १७ जिल्ह्याचे पोलीस दल जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली ठेवते. पुणे आणि नागपूर १९६५ मध्ये आयुक्तालये झाली, ठाणे १९८१ मध्ये, नवी मुंबई १९९४ मध्ये, पिंपरी-चिंचवड २०१८ मध्ये. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि सदानंद दाते त्याचे पहिले आयुक्त झाले.

एका हाती अधिकार देण्यामागचे कारण खरे आहे, आणि ते आधी मान्य केले पाहिजे. दाट वस्तीच्या शहरात दंगल पेटते तेव्हा तासाला महत्त्व असते. कोणत्या रस्त्यावर काय चालले आहे हे पोलिसांना ठाऊक असते. मनाई आदेशासाठी त्यांनी दुसऱ्या कार्यालयाचे दार ठोठावत बसणे परवडत नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार होती आणि मीरा-भाईंदरची ८ लाख ९ हजार. त्यानंतर हा पट्टा किती फुगला ते विरार लोकलच्या गर्दीवरून कोणालाही कळेल. तरीही २०२० पर्यंत वसई खाडीच्या दक्षिणेकडची शहरे ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होती आणि उत्तरेकडची पालघर पोलिसांकडे. एवढी मोठी नागरी वस्ती ग्रामीण पोलिसांच्या मनुष्यबळावर चालवणे दोघांनाही न पेलणारे होते. आयुक्तालयाची गरज होती.

आयुक्तालयाची हद्द मात्र नकाशावर आखली जाते, आणि नकाशात जे येते ते सगळे शहर नसते. चांदीप हे वसई तालुक्यातले, विरारच्या पूर्वेकडचे गाव. पश्चिमेला विरारची इमारतींची रांग, पलीकडे मुंबई-अहमदाबाद महामार्ग, मागे तुंगारेश्वरचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचे आदिवासी पाडे, असा हा भाग. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. आपले गाव तिच्यात असावे की नसावे यावरून वसईच्या गावांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या. घरपट्टी, पाणी, बांधकामाचे नियम, जमिनीचे भाव हे प्रश्न लोकांना जवळचे वाटले आणि ते रास्तच होते. पोलिसांची हद्द बदलली तेव्हा एवढी चर्चा झाली नाही. वास्तविक महापालिकेच्या हद्दीवर गावाचा कर ठरतो, तर आयुक्तालयाच्या हद्दीवर गावकऱ्याच्या स्वातंत्र्याबद्दल कोण निर्णय घेणार हे ठरते. दुसऱ्या बदलाकडे गावांचे लक्ष कमी जावे ही खेदाची गोष्ट आहे.

तो बदल असा झाला. ३० सप्टेंबर २०२० पर्यंत या पट्ट्यातल्या एखाद्या तरुणाला तडीपार करायचे झाले, तर पोलिसांचा प्रस्ताव महसूल खात्याच्या प्रांताधिकाऱ्याकडे जाई आणि सुनावणी त्याच्यासमोर होई. दुसऱ्या दिवसापासून हा अधिकार आयुक्ताकडे आला. प्रत्यक्षात तो परिमंडळाचा पोलीस उपायुक्त वापरतो आणि चौकशी सहायक आयुक्त करतो. जमावबंदीचा आदेश पालघरच्या जिल्हाधिकाऱ्याऐवजी आयुक्त काढू लागला. आयुक्तालयाचे मुख्यालय मीरा रोडला, खाडीपलीकडे, वेगळ्या महसुली जिल्ह्यात आहे, कारण मीरा-भाईंदर आजही ठाणे जिल्ह्यात मोडते आणि वसई तालुका २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. एक आयुक्त, दोन जिल्हाधिकारी, दोन महापालिका, अशी ही मांडणी आहे. सातबारा, वनहक्क आणि जातीचा दाखला यांसाठी माणूस एका दिशेला जातो. तडीपारीच्या नोटिशीवर म्हणणे मांडायला दुसऱ्या. आयुक्तालय झाल्यावर पेल्हार, आचोळे, मांडवी अशी नवी ठाणी झाली आणि पूर्वेकडच्या गावांना पोलीस जवळ आले, हा मोठा लाभ नाकारता येत नाही. ठाणे जवळ आले आणि निकाल देणारा बाहेरचा अधिकारी दूर गेला, असे दोन्ही एकाच वेळी घडले.

आयुक्ताच्या अधिकारांपैकी लोकांच्या रोजच्या कानावर पडणारा अधिकार मनाईचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली तो शस्त्रे, लाठ्या, दगड बाळगण्यास किंवा प्रक्षोभक घोषणा देण्यास मनाई करू शकतो. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाखाली सभा आणि मिरवणुकांवरही बंदी घालता येते, पण राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ती १५ दिवसांपलीकडे टिकत नाही. शिवाय जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ होतेच. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. हे अधिकार तातडीच्या प्रसंगासाठी आहेत. महाराष्ट्रातल्या बहुतेक आयुक्तालयांत मात्र असे आदेश सण, जयंत्या, निवडणुका अशी कारणे देऊन पंधरवड्यामागून पंधरवडा निघत राहतात आणि त्यांतला मजकूर जवळजवळ तोच असतो. कायद्याने १५ दिवसांची मुदत घातली ती दर वेळी नव्याने विचार व्हावा म्हणून. जुनाच आदेश तारीख बदलून निघाला, तर मुदत पाळली जाते आणि विचार वगळला जातो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात कलम १४४ विषयी हेच बजावले: आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, त्यात ठोस कारणे हवीत, आणि तेच आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर ठरेल.

सभा-मिरवणुकांच्या परवानगीचा प्रश्न याला लागूनच येतो. याविषयीचा पायाभूत निकाल याच कायद्यावरचा आहे. मुंबई पोलीस अधिनियम गुजरातलाही लागू होता, आणि अहमदाबादच्या पोलीस आयुक्ताने कलम ३३ खाली केलेल्या नियमावरून हिमतलाल शहा यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७२ च्या त्या निकालाने सांगितले की, सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याच्या हक्काचे नियमन राज्याला करता येते, पण परवानगी द्यायची की नाही हे कोणत्याही निकषाशिवाय अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम टिकत नाही. आयुक्त मार्ग बदलायला सांगू शकतो, वेळ ठरवून देऊ शकतो, संख्येला मर्यादा घालू शकतो. नकार द्यायचा तर त्यामागे सांगता येईल असे कारण लागते.

मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाची या बाबतीत मोठी परीक्षा जुलै २०२५ मध्ये झाली. मराठी बोलण्यावरून मीरा रोडला वाद झाला, व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला, आणि त्याला उत्तर म्हणून मनसे, मराठी एकीकरण समिती आणि इतरांनी ८ जुलैला मोर्चा पुकारला. पोलिसांनी मागितलेल्या मार्गाला परवानगी नाकारली आणि पहाटेपासून नेत्यांना ताब्यात घेतले. तरीही लोक जमले आणि मोर्चा निघाला. मार्ग बदला, एवढेच आपले म्हणणे होते अशी बाजू सरकारने मांडली; मोर्चेकऱ्यांचे म्हणणे होते की एकाला रस्ता मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही. हा वाद कोणाच्या बाजूने सोडवायचा हा इथे मुद्दा नाही. आयुक्ताचे कर्तव्य मात्र अशा प्रसंगीच स्पष्ट होते. दोन्ही मोर्च्यांना एकच निकष लावला गेला हे कागदावर दिसायला हवे, पर्यायी मार्ग वेळेवर आणि लेखी कळवायला हवा, आणि नकाराविरुद्ध न्यायालयात जाण्याइतका अवधी आयोजकांना मिळायला हवा. पहाटेच्या धरपकडीने यांतले काहीही साधत नाही.

तडीपारी हा आयुक्ताच्या हातातला सर्वांत कठोर नेहमीचा अधिकार आहे, आणि चांदीपसारख्या गावाच्या दृष्टीने तोच सर्वांत विचार करण्याजोगा. कलम ५५, ५६ आणि ५७ खाली टोळीतल्या माणसाला, गुन्हा करील अशी वाजवी भीती असलेल्याला किंवा ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्याला दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर काढता येते. कलम ५६ साठी गुन्हा न्यायालयात सिद्ध व्हावा लागत नाही. भीतीपोटी साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत व्हावे लागते. असे जबाब गुप्तपणे घेतले जातात. कलम ५९ प्रमाणे त्या माणसाला आरोपांचे फक्त सर्वसाधारण स्वरूप सांगितले जाते. कोणी काय सांगितले ते त्याला कळत नाही. गुंडाच्या दहशतीखाली जगणाऱ्या वस्तीला हा अधिकार खरोखर संरक्षण देतो. ज्या चाळीत खंडणीखोराविरुद्ध तोंड उघडायची कोणाची हिंमत नाही, तिथे साध्या खटल्याची वाट पाहणे म्हणजे चाळ त्याच्या स्वाधीन करणे. म्हणून हा अधिकार काढून टाका असे म्हणता येत नाही.

पण त्याची किंमत सर्वत्र सारखी नसते. नालासोपाऱ्यात भाड्याने राहणारा माणूस दुसऱ्या शहरात खोली घेऊ शकतो. पाड्यावर राहणाऱ्याचे शेत, घर, रानातली कामे, नातलग सगळे हद्दीतच असते. आयुक्तालयाची हद्द दोन महापालिकांएवढी मोठी, आणि आदेशात शेजारचे जिल्हेही जोडले जातात. अशा आदेशाने माणसाचा रोजगार आणि आधार एका फटक्यात तुटतो, आणि मागे राहिलेल्या घराला कोणी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातल्या दीपक डोंगरे खटल्यात तडीपारीला असाधारण उपाय म्हटले. हा आदेश माणसाला स्वतःच्या घरातही राहू देत नाही आणि त्याची उपजीविका हिरावू शकतो, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. अधिकाऱ्याचे समाधान कशावर आधारलेले आहे ते आदेशात दिसले पाहिजे, जुन्या गुन्ह्यांचा आताच्या धोक्याशी संबंध दाखवला पाहिजे, आणि पूर्ण दोन वर्षांची मुदत घातली तर ती का, हेही लिहिले पाहिजे. प्रांताधिकारी हे सारे तपासत असे तेव्हाही चुका होतच होत्या. डोंगरे यांचा आदेश महसूल अधिकाऱ्यानेच काढलेला होता. बाहेरच्या डोळ्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही हे यातून कळते. पण तो डोळाही नसेल, तर उपायुक्ताने स्वतःच्याच दलाच्या प्रस्तावाकडे परक्यासारखे पाहिले पाहिजे, आणि ते त्याच्या आदेशाच्या ओळीओळीत उमटले पाहिजे.

चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेण्याची कारवाई, हीसुद्धा आयुक्तालयात सहायक आयुक्त विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून चालवतो. त्यापुढचा टप्पा १९८१ च्या एमपीडीए, म्हणजे धोकादायक कृत्यांना प्रतिबंध करणाऱ्या, कायद्याचा. त्याखाली आयुक्त खटल्याशिवाय स्थानबद्ध करू शकतो, पण कारणे पाच दिवसांच्या आत कळवावी लागतात, १२ दिवसांत राज्य सरकारची मान्यता लागते, सल्लागार मंडळ प्रकरण तपासते आणि कमाल मुदत १२ महिन्यांची आहे. म्हणजे अधिकार जितका मोठा, तितके त्यावरचे कुलूप पक्के, असे इथे कायद्याने केले आहे. तडीपारीवर असे कुलूप नाही. तिथे फक्त ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील आहे, आणि पुढे उच्च न्यायालय. पाड्यावरच्या माणसाला मंत्रालयातले अपील परवडते का, याचा विचार कायदा करत नाही. तो आयुक्ताने करायचा आहे.

परवान्यांचे अधिकार थोडक्यात सांगता येतील. शस्त्र परवाने, ऑर्केस्ट्रा बार, ध्वनिक्षेपक, वाहतुकीचे नियम ही कामे आयुक्ताकडे असतात. महामार्गावरच्या काशिमीरा भागामुळे या आयुक्तालयात बारचा प्रश्न नेहमी गाजतो, पण तो नियमनाचा प्रश्न आहे आणि न्यायालयांनी त्याच्या मर्यादा पुष्कळ स्पष्ट केल्या आहेत.

अधिकारांची चर्चा वर्तमानपत्रांत होते, कर्तव्यांची फारशी होत नाही. अधिनियमाचे कलम ६४ पोलिसाने गुन्ह्याची माहिती मिळवावी आणि गुन्हा घडण्याआधी रोखावा असे सांगते. कलम ६६ असहाय माणसाला मदत करण्याचे, अटकेतल्या जखमी किंवा आजारी माणसाची काळजी घेण्याचे बंधन घालते. ही कर्तव्ये आयुक्त स्वतः फारशी पार पाडत नाही. ती ठाणे अंमलदाराच्या टेबलावर पार पडतात किंवा तिथेच राहून जातात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिताकुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्येच ठरले.

याचा सर्वांत वेदनादायक दाखला याच आयुक्तालयातला आहे. २३ नोव्हेंबर २०२० रोजी, आयुक्तालय सुरू होऊन दोन महिनेही झाले नसताना, वसईच्या एका तरुणीने तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. सोबत राहणारा जोडीदार मारहाण करतो, जिवे मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असे तिने लिहिले होते. पुढे आपली तक्रार नाही असा जबाब तिने दिला आणि प्रकरण मिटले. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला, आणि तिने लिहिले होते तसाच झाला. वडिलांनी ती बेपत्ता असल्याची तक्रार माणिकपूर ठाण्यात दिली, तिथल्या तपासातून धागा दिल्लीपर्यंत गेला आणि आरोपीला नोव्हेंबर २०२२ मध्ये अटक झाली. म्हणजे एकाच आयुक्तालयातल्या एका ठाण्याने खून उघडकीला आणण्यात वाटा उचलला, आणि दुसऱ्या ठाण्याच्या हातात तो टाळण्याची संधी येऊन गेली होती. पहिल्या तक्रारीवर काय झाले याची चौकशी राज्य सरकारने जाहीर केली.

हुद्दा कितीही मोठा असला तरी आयुक्त प्रत्येक टेबलावर बसू शकत नाही, हे खरे. पण त्या टेबलावर कोणते नियम चालतात ते तोच ठरवतो. जीवघेण्या धमकीची तक्रार मागे घेतली गेली तर ती वरिष्ठाने तपासल्याशिवाय बंद करायची नाही, मागे घेणारी व्यक्ती एकटी असताना तिच्याशी बोलायचे, काही आठवड्यांनी पुन्हा विचारपूस करायची, अशी स्थायी सूचना काढायला नव्या कायद्याची गरज लागत नाही. ती आयुक्ताच्या सहीने निघते. तडीपारीचे किती आदेश निघाले हा आकडा आयुक्तालये अभिमानाने सांगतात. अशा किती तक्रारींचा पाठपुरावा झाला तो आकडाही तितक्याच अगत्याने मोजला गेला पाहिजे, कारण कलम ६४ ला अपेक्षित असलेला प्रतिबंध तिथेच घडतो.

आयुक्तावर नियंत्रण कोणाचे, हा उरलेला प्रश्न. कलम ४ प्रमाणे पोलीस दलावरची देखरेख राज्य सरकारची. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याचे जे नियंत्रण आहे ते आयुक्तालयात नाही, त्यामुळे आयुक्ताच्या वर पोलीस महासंचालक आणि गृह खाते एवढेच राहतात. सप्टेंबर २००६ मध्ये प्रकाशसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सुरक्षा आयोग, आस्थापना मंडळ, किमान कार्यकाळ, तक्रार प्राधिकरण असे सात निर्देश दिले. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने ते आपल्या रीतीने कायद्यात आणले. कलम २२-न प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याचा एका जागेवरचा सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा. ८ जुलै २०२५ च्या मोर्च्यानंतर दुसऱ्याच दिवशी आयुक्त मधुकर पांडेय यांची बदली झाली आणि निकेत कौशिक यांची नेमणूक झाली. पांडेय डिसेंबर २०२२ पासून त्या जागी होते, म्हणजे दोन वर्षे उलटून गेली होती आणि कार्यकाळाची तरतूद मोडली असे म्हणता येत नाही. पण बदलीची वेळ खालच्या अधिकाऱ्यांना काही तरी शिकवते. मोर्च्याला परवानगी द्यायची की नाही हा कायदेशीर निर्णय दुसऱ्या दिवशीच्या राजकीय प्रतिक्रियेवर तोलला जातो, असा समज दलात रुजला, तर पुढचा आयुक्त कलम ३७ वाचण्याआधी मंत्रालयाचा कानोसा घेईल. निर्णय चुकला असेल तर त्याची लेखी कारणमीमांसा मागावी, ती प्रसिद्ध करावी आणि मग काय ते ठरवावे. असे केल्याने आयुक्तही जबाबदार राहतो आणि सरकारही.

नागरिकाला उपलब्ध असलेले मार्ग या नियंत्रणाइतकेच महत्त्वाचे आहेत. ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार लेखी वरिष्ठाकडे पाठवता येते. जिल्ह्यात हा वरिष्ठ अधीक्षक असतो, आयुक्तालयात उपायुक्त. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. गंभीर गैरवर्तनासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतल्या गुन्ह्याची माहितीही कोणत्याही ठाण्याने घेतली पाहिजे, म्हणून हद्द आपली नाही असे सांगून महामार्गावरच्या अपघातग्रस्ताला किंवा पाड्यावरच्या बाईला परत पाठवता येत नाही. चांदीपहून उपायुक्तांचे कार्यालय गाठायला माणसाचा एक रोज बुडतो आणि मीरा रोडचे मुख्यालय त्याहून लांब पडते. म्हणून उपायुक्ताने ठरावीक दिवशी मांडवीसारख्या ठाण्यात बसून तक्रारी ऐकाव्यात, तडीपारीच्या सुनावण्या शक्य तिथे तालुक्यातच घ्याव्यात आणि मनाई आदेश गावच्या चावडीवर मराठीत लावावेत. आयुक्ताच्या आजच्या अधिकारांत हे तिन्ही बसते.